शेवटचे स्टेशन : बार्शी, लातूर आणि अडीच फुटी रूळ

१२ एप्रिल २०१६च्या पहाटे मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूरला पोहोचली. दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून महिनाभर आधी लातूर शहरात जमावबंदी लावावी लागली होती. ‘जलदूत’ हे त्या गाडीचे नाव देशभर झाले. पुढे टाक्यांची संख्या पन्नासवर गेली आणि पावसाळा अंगावर येईपर्यंत गाडीच्या खेपा चालू राहिल्या. दुष्काळाबद्दल, उसाबद्दल, धरणाच्या नियोजनाबद्दल तेव्हा पुष्कळ लिहून आले आणि ते लिहिले जाणे योग्यच होते.

माझे लक्ष मात्र गाडीच्या वाटेकडे गेले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धाराशिवपाशी घेतलेले नवे वळण सोडले, तर ही वाट नेमकी जुन्या ‘बार्शी लाइट रेल्वे’ची आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ही छोटी गाडी शतकभर धावली. तिचा पहिला तुकडा १८९७ साली टाकला गेला तो मराठवाड्याकडून येणारा कापूस, जवस आणि धान्य खाली मोठ्या रेल्वेपर्यंत आणण्यासाठी. ज्या दिशेने माल उतरत होता, त्याच्या उलट दिशेने ११९ वर्षांनी पाणी चढवावे लागले.

या रेल्वेला नाव बार्शीचे आहे. ती बांधली बार्शीसाठी. तरीही आज तिच्या एका टोकाला महानगरपालिका असलेले, पावणेचार लाखांवर वस्तीचे लातूर आहे, आणि बार्शी सव्वा लाखाच्या आतबाहेर रेंगाळणारे तालुक्याचे गाव आहे. विसावे शतक उजाडले तेव्हा हे प्रमाण उलटे होते. १९०१च्या गणनेत बार्शीची वस्ती २४ हजारांवर होती, लातूरची साधारण १० हजार. हे कसे झाले, याचे सरळ उत्तर ‘लातूरला पुढारी मिळाले’ असे दिले जाते. ते अर्धेच खरे आहे आणि फार उशिराचे आहे. खरी उलथापालथ पुढारी जन्मण्याच्या आधी झाली, आणि ती त्याच अडीच फुटी रुळाने केली.

*

बार्शी कुठे आहे हे आधी नकाशात पाहावे लागेल. बालाघाटचे डोंगर उतरले की पायथ्याशी हे गाव लागते. वर पठारावर भूम, येडशी, धाराशिव, आणि त्याहून पुढे मुरूड, लातूर. गावात भगवंताचे जुने मंदिर आहे. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची कथा तिथे सांगितली जाते, आणि ‘बारस’ या शब्दावरूनच गावाला नाव पडले असे लोक मानतात. एकादशी पंढरपूरला आणि पारणे बार्शीला, ही त्या भागातली जुनी समजूत. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, वारकऱ्याच्या नकाशात बार्शी पंढरपूरच्या पुढचा मुक्काम होती.

व्यापाऱ्याच्या नकाशात मात्र ती सरहद्द होती. बार्शी तालुका मुंबई इलाख्यातल्या सोलापूर जिल्ह्याचा, इंग्रजी अमलातला. त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला निजामाचा मुलूख. परंडा निजामाचे, भूम निजामाचे, धाराशिव निजामाचे. गावातून निघालेली बैलगाडी दिवस मावळायच्या आत दुसऱ्या राज्यात पोहोचत असे. त्या राज्याचे नाणे वेगळे. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का. शंभर कलदारांना सुमारे ११६ हाली असा भाव असे आणि तो थोडा खालीवर होई. तिकडे करोडगिरीचे खाते, म्हणजे निजाम सरकारची सरहद्दीवरची जकात. मालाच्या किमतीवर शेकडा पाच हा तिचा नेहमीचा दर. भाषा मराठीच, नातीगोती दोन्हीकडे, पण कचेरीतला कागद उर्दूत.

अशा सरहद्दीवर पेठ वाढते, कारण माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना थांबतो. थांबला की तो तोलावा लागतो, ठेवावा लागतो, त्याची अडत होते, नाण्यांची अदलाबदल करणारा सराफ लागतो, हमाल लागतो, मापाडी लागतो, गाडीवानाला रात्रीचा मुक्काम आणि बैलांना वैरण लागते. बालाघाटावरचा कापूस आणि गळिताचे धान्य बार्शीत येऊन विसावत असे. त्यामुळेच १८६५ साली बार्शीला नगरपालिका मिळाली. १८५०च्या कायद्याने गावांना आपली पालिका स्थापण्याची मुभा दिली होती आणि इलाख्यातल्या निवडक गावांनी ती घेतली. पालिकेचा मुख्य आधार जकात. माल जितका येईल तितके गावाचे दिवे, गटारे, दवाखाना. म्हणजे पेठेचे पोट आणि पालिकेचे पोट एकाच दोरीला बांधलेले होते. ही दोरी पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

*

मोठी रेल्वे बार्शीला आली नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८५९-६०च्या सुमारास या टापूतून पुढे सरकला तो बार्शीपासून सुमारे ३५ किलोमीटर दूर राहून. तिथल्या स्टेशनला ‘बार्शी रोड’ नाव दिले. ‘अमुक रोड’ नावाचे स्टेशन म्हणजे ते गाव तिथे नाही, तिथून रस्त्याने जायचे आहे, हे आपल्याकडच्या प्रवाशांना ठाऊक असते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ बार्शीच्या गाठी बैलगाड्यांवरून या स्टेशनापर्यंत गेल्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता काय होत असेल, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको.

या ३५ किलोमीटरांवर एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचे लक्ष गेले. १८५७ साली जन्मलेला हा माणूस १८८२मध्ये जी. आय. पी. रेल्वेत इंजिन खात्यात नोकरीला आला होता. छोट्या रेल्वेचा त्याला ध्यास होता. मोठी रेल्वे जिथे परवडत नाही तिथे स्वस्त, अरुंद रूळ टाकून गावे जोडावीत, असे म्हणणारे तेव्हा बरेच होते. पण त्यांच्या रेल्वे बहुधा खेळण्यासारख्या निघत, माल थोडा वाहत आणि तोट्यात जात. कॅलथ्रॉपचा हिशेब वेगळा होता. रूळ हलका असेल तर एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हे त्याला मान्य. पण मग इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक आसाने ते पाच टन पुरेपूर वाहिले पाहिजेत. इंजिन जड हवे असेल तर त्याला आस जास्त लावा. वाघिणी लांब आणि बोगीवर बसवलेल्या करा. रूळ अडीच फुटी असला तरी डबा लहानसहान असायचे कारण नाही. आज हे साधे वाटते, त्या काळी त्याला वेड्यात काढणारे होते. बार्शीची वाहने जहाजावर चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून त्याने ती जाणकारांना चालवून दाखवली.

कंपनी १८९५मध्ये लंडनला स्थापन झाली आणि मार्च १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी सुरू झाली. मुहूर्त मोठा वाईट होता. १८९६-९७चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याला मारत होता, मुंबई-पुण्यात प्लेग होता. तरी ही रेल्वे चालली, नफ्यात चालली, आणि जगभरच्या छोट्या रेल्वेवाल्यांनी तिचा अभ्यास केला. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये कॅलथ्रॉपने याच धर्तीवर १९०४ साली एक रेल्वे उभी केली. तिच्यासाठी बार्शीच्या अनुभवावरून इंजिने घडवली. ती बिचारी तीस वर्षांत बंद पडली, बार्शीची शंभरी गाठून गेली. कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्याच्या छत्रीवर काम केले आणि पहिल्या महायुद्धात त्याची छत्री वापरातही आली. पण तो विषय आपला नाही.

आपला विषय हा की १८९७ ते १९०७ या दहा वर्षांत बार्शी हे बालाघाटाच्या बाजूचे शेवटचे स्टेशन होते. पठारावरचा माल बैलगाडीने येई, बार्शीत रुळावर चढे. सरहद्दीचा थांबा होताच, त्यात रुळाच्या टोकाचा थांबा मिळाला. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने चालवायला याहून बरी जागा त्या टापूत नव्हती. बार्शीला कधी भरभराट आली असेल तर ती या वर्षांत.

*

पण रेल्वे गावाची नव्हती. ती लंडनच्या भागधारकांची होती, आणि ३५ किलोमीटरची रेल्वे कोणत्याही भागधारकाला लांबवावीशीच वाटणार. बार्शीपर्यंत बैलगाडीने येणारा माल पुढे जाऊन मुळातच उचलला, तर वाहतुकीचे भाडे वाढते, इतका साधा हा हिशेब. शिवाय घाई करण्यासारखी परिस्थितीही होती. १९००-०१मध्ये हैदराबाद-मनमाड ही गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली होती आणि नांदेड-परभणी-जालन्याकडच्या मालाला दुसरे तोंड फुटले होते. उरलेला मराठवाडा आपल्याकडे राखायचा तर रूळ वर चढवणे भाग होते.

१९०६मध्ये कंपनीने एक फाटा पंढरपूरला नेला. त्याने वारकऱ्यांची सोय झाली. आषाढीला या गाडीच्या टपावर बसलेल्या माणसांची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. दुसरे टोक बार्शीतून निघून येडशीजवळ रामलिंगच्या घाटाने बालाघाट चढले आणि १९०७मध्ये तडवळ्याला पोहोचले. १९११मध्ये लातूर.

त्या दिवशी बार्शी हे मधले स्टेशन झाले.

याचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही, म्हणून तो फारसा कोणी लिहून ठेवला नाही. बार्शी ओस पडली नाही. तिथली दुकाने बंद झाली नाहीत. पण मालाला आता तिथे थांबायचे कारण उरले नाही. औशाचा किंवा अहमदपूरचा शेतकरी चार-पाच दिवसांची गाडी हाकत बार्शीला कशाला येईल? लातूरला माल विकून तो परत जाईल. अडत्याने मग काय करावे? एक मुलगा बार्शीच्या पेढीवर ठेवून दुसऱ्याला लातूरला दुकान टाकून द्यावे, हे कोणत्याही व्यापारी घराला सुचण्यासारखे होते. लातुरात रूळ पोहोचल्यावर सहा वर्षांत, १९१७ साली, गंजगोलाई उभी राहिली. हैदराबाद संस्थानचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला. मध्ये गोल दुमजली इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचे देऊळ, आणि सगळ्या बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. आजही लातूरला गेलेला माणूस कोणत्या तरी रस्त्याने चालता चालता गोलाईत येऊन पडतोच. ज्या टापूचा माल सगळ्या दिशांनी येतो, त्या टापूच्या पेठेचे हे दगडात काढलेले चित्र आहे. शेवटचे स्टेशन असणे म्हणजे काय, हे गोलाईत उभे राहिले की समजते. रूळ एकीकडून येतो, रस्ते बाकी सगळीकडून.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लातूरला नैसर्गिक अनुकूलता होती ती बार्शीला कधीच नव्हती. बार्शीपासून ७० किलोमीटरवर सोलापूर. तिथे १८७७पासून कापडगिरण्या. बार्शीची वाढ एका बाजूने सोलापूरच्या सावलीत होती. लातूरच्या आसपास तसे मोठे गाव नव्हते. त्यामुळे रूळ मिळताच लातूरने चहूबाजूंनी माल ओढला. रूळ पुढे गेला नसता, तरी पुढे-मागे मोटारीने हेच केले असते, असेही कोणी म्हणू शकेल. शक्य आहे. पण तीस-चाळीस वर्षे आधी होणे आणि मागून होणे यात पेठेच्या बाबतीत फार अंतर असते.

*

रुळाचे टोक गेले तरी सरहद्द राहिली, आणि पुढची चाळीस वर्षे बार्शी तिच्यावर जगली. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छोट्या गावाच्या इतिहासात आपण माल मोजतो, माणसे मोजत नाही.

निजामाच्या राज्यात मराठी शिक्षणाची वाट अवघड होती. वरच्या वर्गांत उर्दू माध्यम. पठारावरच्या मराठी घरांतली ज्यांना जमेल ती मुले शिकायला खाली येत. मामासाहेब जगदाळे यांनी १९३०च्या दशकात बार्शीत श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचे काम उभे केले, वसतिगृहे चालवली. कर्मवीर भाऊराव पाटलांचे जे साताऱ्याकडे काम, त्याच जातीचे हे काम. ग्रामीण बहुजन मुलाला गावात राहायला जागा आणि जेवायला अन्न मिळाले तर तो शिकतो, ही साधी ओळख त्यामागे होती.

याच रेल्वेने आणखी काही वर चढवले. फेब्रुवारी १९४१मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी गेले. तडवळे निजामाच्या हद्दीत, पण बार्शी लाइटच्या स्टेशनवर. निजामी मुलखातल्या वतनदार दलितांना एकत्र आणायचे, तर रेल्वेच्या स्टेशनाजवळचे गाव हवेच. गाठी वाहायला टाकलेल्या रुळाने सभाही वाहिल्या, हे कंपनीच्या ताळेबंदात कुठे येत नाही.

आणि मग १९४७-४८. हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हते, रझाकारांचा जोर वाढला होता. सरहद्दीवरच्या लोकांनी घरे सोडली आणि बार्शीत आसरा घेतला. संस्थानाबाहेर राहून लढणाऱ्या कार्यकर्त्यांची शिबिरे याच पट्ट्यात होती. पठारावरच्या कित्येक घरांत ‘तेव्हा आम्ही बार्शीला होतो’ हे वाक्य अजून ऐकू येते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लष्करी कारवाई झाली आणि संस्थान संपले.

त्याबरोबर बार्शीची सरहद्दही संपली. यात खेद करण्यासारखे काही नाही. निजामाची करोडगिरी जाणे, एका भाषेची माणसे एका राज्यात येणे, हे व्हायलाच हवे होते. १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. हाली सिक्का चलनातून गेला. पण इतिहासाचा हिशेब मांडताना हेही लिहावे लागते, की ज्या घटनेचा आनंद बार्शीने मनापासून केला, त्याच घटनेने तिचा पेठ म्हणून असलेला उरलासुरला विशेषही नेला. आता भूम-परंड्याचा माल बार्शीतच यायला हवा असे काही राहिले नाही.

*

पुढचा भाग आपल्या पिढीने पाहिला आहे, तो मी भरभर सांगतो. १ जानेवारी १९५४ला कंपनी सरकारजमा झाली आणि छोटी गाडी मध्य रेल्वेत आली. तोवर ट्रक रस्त्यावर आलेच होते. ट्रकला स्टेशन लागत नाही आणि माल दोनदा चढवावा-उतरवावा लागत नाही. रेल्वेकडे प्रवासी राहिले, माल गेला. १९८२मध्ये लातूर जिल्हा झाला. जिल्हा होणे म्हणजे कलेक्टर कचेरी, न्यायालय, बँकांच्या मुख्य शाखा, जिल्हा रुग्णालय, आणि त्यांच्यासोबत येणारे काही हजार पगार. शिवराज पाटील, विलासराव देशमुख यांच्यासारखे नेतृत्व लातूरला मिळाले, परीक्षांच्या निकालांचा ‘लातूर पॅटर्न’ गाजला, तुरीच्या आणि सोयाबीनच्या भावासाठी राज्य लातूरकडे पाहू लागले. पुढारी प्रभावी होते यात शंका नाही. पण १९११पासून जमलेली पेठ त्यांच्या हाताशी होती. बार्शी जिल्हा व्हावा ही मागणी बार्शीत अनेक वर्षे आहे आणि निवडणुकीच्या सुमारास तिला उजाळा मिळतो.

बार्शीचा तिसरा आधार कापडगिरणी. कापसाच्या पेठेत गिरणी उभी राहणे साहजिक होते. सत्तरच्या दशकात बार्शी टेक्स्टाइल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. देशभर त्या महामंडळाच्या बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या, तरी बार्शीची तग धरून होती. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ती थांबली, ती थांबलीच.

आणि ती दोरी, पेठेला पालिकेशी बांधणारी. १९९९मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात रद्द झाली. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, लाचलुचपत, व्यापाऱ्यांची कटकट, हे सगळे खरे होते आणि जकात गेल्याचे कोणाला दुःख झाले नाही. बदल्यात सरकार अनुदान देऊ लागले. पण १८६५पासून या गावाची पालिका स्वतःच्या वेशीवर स्वतःचा पैसा गोळा करत होती. माल वाढला तर गटार बांधता येत होते, घटला तर कारण शोधावे लागत होते. अनुदानाला पेठेशी काही देणेघेणे नसते. गावात व्यापार वाढला काय आणि बुडाला काय, मुंबईहून येणारा आकडा वेगळ्याच कारणांनी ठरतो. पालिकेतल्या माणसाची नजर तेव्हापासून वेशीवरून उठून मंत्रालयाकडे लागली. छोट्या गावांच्या दुरवस्थेबद्दल जे पुष्कळ बोलले जाते, त्यात या बदलाचा उल्लेख मला क्वचितच सापडतो, म्हणून मुद्दाम लिहिला.

*

या गोष्टीत तिसरेही एक गाव आहे, ते म्हणजे ‘बार्शी रोड’. त्याचे आजचे नाव कुर्डुवाडी. हे गाव दोन रुळांच्या रुंदीतल्या फरकावर उभे राहिले. मोठ्या रेल्वेची रुंदी साडेपाच फूट, छोटीची अडीच. इकडची वाघीण तिकडे जाऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसरीत गेली. इंजिनिअरच्या दृष्टीने हा दोष, कुर्डुवाडीच्या दृष्टीने रोजगार. छोट्या गाडीचा कारखानाही तिथेच.

लहानपणी पंढरपूरला जाताना मी कुर्डुवाडीला गाडी बदलली आहे. मोठ्या फलाटावरून उतरून छोट्या फलाटाकडे पळायचे, कारण जागा मिळणे अवघड. छोटी गाडी निवांत उभी असे. आजी म्हणायची, पळू नकोस, ती कुठं जात नाही. आणि खरेच, ती सुटायच्या वेळेला सुटलेली मला आठवत नाही. चहा, भजी, केळी विकणाऱ्यांचा जथा त्या दोन फलाटांच्या मध्ये असे. त्यांचे सगळे जगणे आमच्या खोळंब्यावर होते.

२००१च्या पुढे रूळ टप्प्याटप्प्याने रुंद झाले. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर, मग २००७-०८मध्ये लातूरकडची बाजू, शेवटी २०१०मध्ये मिरजेकडची. लातूरकडची बाजू रुंद करताना मार्ग वळवून धाराशिव शहरातून नेला. १९११मध्ये रूळ धाराशिवला वगळून गेला होता. जिल्ह्याचे ठिकाण असून त्या गावाने जवळपास शंभर वर्षे रेल्वेची वाट पाहिली. रुंदीकरणाची मागणी तिन्ही जिल्ह्यांत सगळ्यांचीच होती. ते झाले नसते तर २०१६मध्ये मिरजेहून लातूरला टाक्या नेताच आल्या नसत्या. आणि ते झाल्यामुळे कुर्डुवाडीच्या दोन फलाटांमधला खोळंबा संपला. लातूरही आता शेवटचे स्टेशन राहिले नाही. पलीकडे लातूर रोडमार्गे ते हैदराबादच्या बाजूला जोडले गेले आहे.

*

बार्शीकडे परत येतो. कारण एक थांबा तिथे नव्याने तयार झाला आहे, आणि त्याचा माल वेगळा आहे.

१९८०च्या दशकाच्या आरंभी बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. अभिनेत्री नर्गिस यांचे १९८१मध्ये कर्करोगाने निधन झाले होते. रुग्णालयाला त्यांचे नाव दिले गेले. तालुक्याच्या गावात, जिथे साध्या शस्त्रक्रियेला लोक सोलापूर गाठत, तिथे कर्करोगाचे रुग्णालय ही कल्पनाच त्या वेळी धाडसाची होती. १९८७मध्ये टाटा स्मारक केंद्र आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या कामातून इथे ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू झाली. देशातली अशी ही पहिली. तोवर भारतातल्या कर्करोगाचे आकडे मुंबईसारख्या शहरांचे असत; खेड्यात किती, कोणता, कोणत्या वयात, हे माहीत नव्हते. इथे रुग्ण येण्याची वाट पाहत बसले नाहीत. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावली, संशयित रुग्णांना बार्शीला आणले. शहरांच्या तुलनेत खेड्यात कर्करोग एकूण कमी, पण बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग फार, असे त्यातून दिसले.

त्या पायावर १९९९पासून धाराशिव जिल्ह्यात मोठी पाहणी झाली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया तिच्यात होत्या. विषाणूची एकदाच केलेली चाचणी या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी करू शकते, हा तिचा निष्कर्ष २००९मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर तपासणीची धोरणे ठरवताना वापरला गेला. या पाहणीवर आक्षेपही आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही, त्यांच्यातल्या मृत्यूंची जबाबदारी कोणाची, असा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला. तो प्रश्न गंभीर होता आणि आहे. निष्कर्षाचे श्रेय सांगताना त्या बायकांचा उल्लेख गाळू नये असे मला वाटते.

नोंदणीसाठी पहिल्यांदा निवडलेले तालुके तीन होते : बार्शी, परंडा आणि भूम. गावांची संख्या साडेतीनशेच्या आसपास. यादी हातात घेऊन जुन्या नकाशावर ठेवली तर दिसते की बार्शी इंग्रजांचे, आणि परंडा-भूम निजामाचे. ज्या गावांतून सव्वाशे वर्षांपूर्वी कापूस आणि जवस बार्शीत उतरत होते, तीच ही गावे. करोडगिरीचे नाके गेले, हाली सिक्का गेला, रुळाचे टोक पुढे गेले, गिरणीचा भोंगा थांबला. माणसांची बार्शीला उतरण्याची सवय तेवढी टिकली होती, आणि कोणीतरी तिचा उपयोग करून घेतला.

गेल्या वर्षी मी त्या रुग्णालयाच्या फाटकासमोर थोडा वेळ थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला जीपगाड्या, एक टेम्पो, दोन रुग्णवाहिका. पाट्यांवर १३, म्हणजे सोलापूर. २५, धाराशिव. २४, लातूर. टेम्पोच्या हौद्यात एक म्हातारी गोधडीवर आडवी झाली होती, आणि तिचा मुलगा चहाच्या टपरीवाल्याला विचारत होता की रात्री मुक्काम करायचा झाला तर इथे जवळ सोय आहे का. टपरीवाल्याने हातातला कप न ठेवता समोरच्या गल्लीकडे बोट दाखवले.